उचल म्हणणारा एकच

चाळीस मीटरवर माझी काचेची खोली.
खाली सोहारचं बंदर, पायांखालीसुद्धा काच,
आणि खुर्चीमागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली
दीड लिटरची बाटली.
तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.
मीही सात वर्षं बोललो नाही.

गोळ्या झाल्या. एकीने जीभ टाळूला चिकटली,
दुसरीने रक्तदाब चढला.
कलिंगड सोडलं, सुलेमानी सोडली.
सुलेमानीचं अजून वाईट वाटतं.
बारा बुधवार घोट्याशी सुई टोचून
पायात वीज सोडली,
अंगठा तेवढा नाचला.

डॉक्टर बुथैनांनी पडदा माझ्याकडे वळवला:
खडा नाही, गाठ नाही, जंतू नाही.
पिशवी अर्धीही भरत नाही, सारंग,
आणि वर बोंब पोचते, भरली, भरली.
वर म्हणजे कुठे?
त्यांनी पेनाचं टोपण स्वतःच्या कपाळाला टेकवलं.

मला राग आला. सरळ सांगतो.
पहाटे तीनला चोरून धुतलेल्या चादरी
काय मनाचे खेळ होते?
आमच्या बाणकोटात डोक्याचं दुखणं म्हणजे
ताईत, दर्गा,
आणि बहिणीची मोडलेली सोयरीक.
खेळ नाही, त्या म्हणाल्या. सवय आहे. मेंदूला लागलेली.
मग सहज विचारलं, तुम्ही काम काय करता?

सांगितलं. जहाजाच्या कडेला सिग्नलवाला असतो,
मी त्याच्या हाताकडे बघून डबे उचलतो.
पहिल्या दिवशी एक नियम शिकवतात:
थांब, हे कोणीही म्हणू शकतो, अगदी झाडूवालाही.
उचल मात्र एकानेच म्हणायचं.

डॉक्टर हसल्या नाहीत.
माझ्या कागदाच्या मागे लिहून घेतलं त्यांनी.

तुमच्या खाली, म्हणाल्या, सगळेच उचल म्हणायला लागलेत.
कुलपात किल्ली घातली, उचल.
मशिदीत शेजाऱ्याचा वझूचा नळ सुटला, उचल.
शिडीची शेवटची पायरी दिसली, उचल.
आणि तुम्ही, इमानदार माणूस,
सात वर्षं प्रत्येकाचं ऐकलंत.

पुढचं शीबा सिस्टरने शिकवलं.
कळ आली की पळायचं नाही.
पळालास की तिला कळतं, हा घाबरतो.
जागच्या जागी उभं राहा, आतून आवळ, सोड, आवळ,
टाचा वर-खाली कर,
आणि शंभरातून सात-सात वजा कर.
सिस्टरशी हिंदीत बोलतो,
वजाबाकी मात्र मराठीतच होते:
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी,
बहात्तरपाशी बाईंची छडी आठवते,
पासष्टपाशी कळ जरा बाजूला सरकते.

हे मला नवं नव्हतं खरं तर.
वाऱ्यात डबा झोके घेऊ लागला
तर ओढून धरल्याने थांबत नाही.
त्याच्या मागे थोडं जायचं,
बरोबर त्याच्या डोक्यावर यायचं,
मग तो आपणच शांत होतो.
पंधरा वर्षं लोखंडाशी असं वागत होतो,
स्वतःशी कधी वागलो नव्हतो.

तिसरा महिना. पस्तीस मिनिटांवरून
एक तास वीसवर आलोय.
परवा हरलो, शिडीच्या मध्यावर, भर उन्हात.
खाली उतरून पँट बदलली, वहीत फुली मारली,
पुन्हा चढलो.
बाटली अजून खुर्चीमागे आहे.
तिच्यावरचा पेपर मे महिन्यातला,
पिवळा पडलाय.

काल रात्री खोलीच्या दाराशी
किल्ली काढली तशी ती आलीच, हाकेसरशी.
मी मूठ मिटून हात वर धरला.
जिन्यातून बाळकृष्ण येत होता,
म्हणाला, हनीफभाई, कुणाला थांबवताय?
त्याला काय सांगणार.
एकोणऐंशी, म्हटलं.
बहात्तर.